गिऱ्हाइकाच्या माहितीवरचा शिक्का

भिवंडी तालुक्यातील गोदामांतून ग्राहकाच्या घरी जाणाऱ्या प्रत्येक पार्सलावर एक चिकट लेबल असते आणि त्यावर घेणाऱ्याचे नाव, इमारत व खोली क्रमांकासह पत्ता, पिनकोड, अनेकदा मोबाइल क्रमांक, मालाचे पैसे आधीच भरले आहेत की दारात घ्यायचे आहेत याची नोंद आणि दारात घ्यायचे असल्यास नेमकी रक्कम, एवढा मजकूर कोणालाही वाचता येईल अशा अक्षरांत छापलेला असतो. रॅकवरून माल काढणारा, तो खोक्यात भरणारा, पिनकोडनुसार खोकी वेगळी करणारा, टेम्पोचालक, दारात डिलिव्हरी देणारा आणि माल परत आला तर खोके पुन्हा उघडून तपासणारा, अशा अनेकांच्या हातांतून हे लेबल जाते. ग्राहकाला यांपैकी एकाचेही नाव ठाऊक नसते आणि त्यांनी आपल्या माहितीचे काय केले हे पाहण्याचा मार्गही त्याच्यापाशी नसतो. ही तपासणी त्याच्या वतीने दुसऱ्या कोणीतरी करावी, व्यवसाय ठरलेल्या निकषांवर उतरला तर त्याला प्रमाणपत्र द्यावे आणि पुढे घसरला तर ते काढून घ्यावे, या कल्पनेतून ज्या योजना निघाल्या त्यांना वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या प्रमाणन योजना म्हणतात. वैयक्तिक माहिती म्हणजे जिच्यावरून एखादी व्यक्ती ओळखता येते अशी कोणतीही माहिती, आणि प्रमाणन म्हणजे विकणारा व घेणारा या दोघांखेरीज तिसऱ्याने लेखी दिलेली हमी. या योजनांचा इतिहास साधारणपणे इंटरनेटवरील दुकानदारीपासून सांगितला जातो. परंतु त्यांचे कूळ त्याहून बरेच जुने आहे आणि त्याची एक शाखा भिवंडीच्या पिढीजात धंद्यातून, म्हणजे कापडातून, आलेली आहे.

घडी घातलेल्या थानात किती वार कापड आहे हे दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला दिसत नाही, आणि थान सोडून मोजून दाखवायला कोणताही दुकानदार राजी नसतो. १८८९ च्या इंडियन मर्चंडाइज मार्क्स अॅक्टने यावर उपाय काढला तो असा की, बाहेरून येणाऱ्या थानावर त्याची लांबी स्टँडर्ड वारांत आणि इंग्रजी आकड्यांत ठळकपणे छापलेली नसेल, तर ते आयात करता येऊ नये. देशातील गिरण्यांनाही लांबी छापण्याचे बंधन घालण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई होऊन भाव भडकले तेव्हा १९४३ मध्ये मुंबईत वस्त्र आयुक्तांचे कार्यालय सुरू झाले आणि नियंत्रणाखालील कापडावर लांबीच्या जोडीला किंमतही छापली जाऊ लागली. जानेवारी १९४७ मध्ये इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन स्थापन झाली, १९५२ च्या कायद्याने तिला मालावर प्रमाणचिन्ह वापरण्याचे परवाने देण्याचा अधिकार मिळाला, आणि ‘आयएसआय’ ही अक्षरे इस्त्री, प्रेशर कुकर आणि विजेच्या बटणांवरून घरोघर पोहोचली. १९८७ पासून हे काम भारतीय मानक ब्युरोकडे आहे. या सगळ्या शिक्क्यांची ताकद दोन गोष्टींत होती. खोटा शिक्का मारणाऱ्याला शिक्षा करणारा कायदा त्यांच्या मागे उभा होता, आणि शिक्क्यात सांगितलेली गोष्ट नंतर पडताळता येत होती, कारण घरी नेलेले थान कोणीही गजाने मोजू शकत असे.

भिवंडीच्या यंत्रमागांना या शिक्क्यांची दुसरी बाजूही चांगली ठाऊक आहे. येथे विणले जाणारे बहुतांश कापड कोरे, म्हणजे धुलाई, रंगाई, छपाई न झालेले असते. सूत व्यापाऱ्याचे आणि मजुरी मागवाल्याची असा व्यवहार मोठ्या प्रमाणावर चालतो, आणि कापड प्रक्रियेसाठी बाहेर गेल्यावर त्यावर जे नाव उमटते ते विणणाऱ्याचे नसते. २००६ मध्ये वस्त्र समितीमार्फत सुरू झालेले ‘हँडलूम मार्क’ हे चिन्ह तर हातमागाचे कापड यंत्रमागाच्या कापडापासून वेगळे ओळखू यावे म्हणूनच निघाले, म्हणजे भिवंडीच्या वाट्याला जो शिक्का आला तो तिच्या मालाला वगळणारा. काम एकाचे आणि शिक्का दुसऱ्याचा, ही तफावत माहितीच्या प्रमाणनातही सर्वांत अवघड ठरली, आणि ज्या योजनांनी तिच्याकडे काणाडोळा केला त्या नेमक्या तिथेच फसल्या.

कापड आणि माहिती यांत मात्र एक मूलभूत फरक आहे. कापड चोरीला गेले तर ते जागेवर राहत नाही. माहिती चोरीला गेली तरी मूळ प्रत जिथल्या तिथे असते, मालकाला काही हरवल्याचे जाणवत नाही, आणि महिन्याभराने कोणी अनोळखी माणूस फोनवर नेमके नाव घेऊन बोलू लागला तरी ते नाव कोणत्या हातातून निसटले हे सांगता येत नाही. म्हणून माहिती सुरक्षित आहे अशी हमी त्या वस्तूकडे पाहून देता येत नाही. फार तर ती हाताळण्याची रीत नीट आहे एवढेच प्रमाणित करता येते. वस्तूऐवजी रीत प्रमाणित करण्याची ही कल्पना ब्रिटनच्या कारखानदारीतून आली. तेथे १९७९ मध्ये बीएस ५७५० हे मानक निघाले आणि त्याच्या आधारे १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने, म्हणजे आयएसओने, ९००० या क्रमांकाची मालिका प्रसिद्ध केली. महाराष्ट्रातील जिल्हा परिषद शाळांच्या, ग्रामपंचायतींच्या आणि अंगणवाड्यांच्या भिंतींवर ‘आयएसओ मानांकित’ अशी जी पाटी दिसते, ती बहुधा याच मालिकेतील ९००१ या मानकाची असते. त्या मानांकनाचा आणि त्या कार्यालयात पडून असलेल्या आधार कार्डांच्या झेरॉक्स प्रतींचा काही संबंध नसतो, हे मात्र पाटीवरून कळत नाही. स्वतः आयएसओ कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. ती केवळ मानक लिहिते. प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्था वेगळ्या असतात, आणि त्या संस्था लायक आहेत की नाहीत हे पाहणारे, भारतात ‘एनएबीसीबी’ या नावाने ओळखले जाणारे, मंडळ त्याहून वेगळे असते. प्रमाणपत्र हवे असणारा व्यवसाय तपासणाऱ्या संस्थेला स्वतःच फी देतो, आणि या एका गोष्टीवर पुढचा बराचसा इतिहास घडला आहे.

माहितीपुरते पहिले मोठे मानकही ब्रिटनमधूनच आले. व्यापार व उद्योग खात्याने काही बड्या कंपन्यांच्या मदतीने १९९३ मध्ये तयार केलेल्या आचारसंहितेवरून १९९५ मध्ये बीएस ७७९९ हे मानक निघाले, २००५ मध्ये त्याचे रूपांतर आयएसओ २७००१ मध्ये झाले, आणि २०१३ व २०२२ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या आल्या. या मानकाचा विषय आहे माहितीची सुरक्षा; ग्राहकाची खासगी बाब हा त्याचा विषय नव्हे, आणि हा भेद समजून घेतल्याखेरीज पुढचे काहीच नीट उलगडत नाही. आपल्याकडची माहिती परक्याच्या हाती पडू नये, हे सुरक्षेचे प्रयोजन आहे. ती माहिती मुळात आपण का घेतली, ज्या कामासाठी घेतली त्याखेरीज दुसऱ्या कामाला वापरली का, काम संपल्यावर पुसली का, हे प्रश्न खासगीपणाचे आहेत. एखादी कंपनी ग्राहकांचे मोबाइल क्रमांक अभेद्य तिजोरीत ठेवून स्वतःच ते जाहिरातदाराला विकू शकते, आणि २७००१ च्या कसोटीवर तरीही उत्तम उतरू शकते. ही उणीव भरून काढण्यासाठी २०१९ मध्ये २७७०१ हे पुरवणी मानक निघाले, म्हणजे सुरक्षेच्या मानकाला खासगीपणाची जोड मिळायला जवळजवळ चोवीस वर्षे गेली.

दरम्यान अमेरिकेत या प्रश्नाला सरळ बाजाराच्या वाटेने उत्तर देण्याचा प्रयोग झाला. इंटरनेटवर खरेदी करायला लोक कचरतात, कारण पलीकडे कोण आहे हे दिसत नाही, आणि सरकारने कायदा केला तर धंद्याला अडचण होईल, अशा दुहेरी चिंतेतून १९९७ मध्ये ‘ट्रस्ट-ई’ ही योजना सुरू झाली. कंपनीने आपले खासगीपणाचे धोरण जाहीर करावे, संस्थेने ते वाचून आणि तपासून संमती द्यावी आणि कंपनीने आपल्या पानावर संस्थेचे चिन्ह लावावे, असे तिचे स्वरूप होते. १९९९ मध्ये अमेरिकेतील बेटर बिझनेस ब्युरोनेही तसेच चिन्ह आणले. पहिली कसोटी २००० मध्ये लागली. खेळणी विकणारी ‘टॉयस्मार्ट’ ही कंपनी बुडाली आणि देणी भागवण्यासाठी तिने आपल्या मालमत्तेत ग्राहकांची यादीही विक्रीला काढली. त्या यादीत कुटुंबांची नावे, पत्ते, खरेदीचा तपशील आणि मुलांच्या जन्मतारखा होत्या, आणि ही माहिती कधीही दुसऱ्याला दिली जाणार नाही असे वचन देणाऱ्या धोरणावर ट्रस्ट-ईचे चिन्ह होते. योजनेच्या पदरात एवढे श्रेय टाकलेच पाहिजे की, तिने स्वतः हा प्रकार सरकारच्या नजरेस आणून दिला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दावा लावला आणि अखेर पुढच्या वर्षी ती यादी नष्ट करण्यात आली. परंतु त्या कुटुंबांची माहिती वाचली ती कायद्यामुळे, चिन्हामुळे नव्हे.

दुसरी कसोटी स्वतः योजनेचीच होती. हार्वर्ड विद्यापीठात संशोधन करणारे बेंजामिन एडलमन यांनी २००६ मध्ये दाखवून दिले की, हे चिन्ह लावलेल्या संकेतस्थळांत अविश्वासार्ह निघण्याचे प्रमाण चिन्ह नसलेल्यांच्या दुपटीहून अधिक होते, आणि त्याचे कारण सोपे होते: ज्याचे नाव आधीच चांगले आहे त्याला चिन्हाची निकड नसते, आणि ज्याला स्वतःचे नाव झाकायचे आहे तो फी भरून चिन्ह घेतो. २००८ मध्ये ही ना-नफा संस्था नफ्यासाठी चालणारी कंपनी झाली. नोव्हेंबर २०१४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने जाहीर केले की, दरवर्षी फेरतपासणी करतो असे सांगणाऱ्या या कंपनीने २००६ ते २०१३ या काळात हजाराहून अधिक वेळा ती तपासणी केलीच नव्हती. दोन लाख डॉलर भरून प्रकरण मिटले. तपासणाऱ्याला पगार तपासल्या जाणाऱ्याकडून मिळतो तेव्हा कठोर तपासणी हा त्याच्या दृष्टीने गिऱ्हाईक गमावण्याचा मार्ग ठरतो, आणि त्यात कोणाची नियत वाईट असावी लागत नाही.

जपानने हाच प्रयोग अधिक शिस्तीने केला, आणि म्हणूनच त्याचे अपयश अधिक शिकवणारे आहे. तेथे ‘जिपडेक’ या संस्थेने एप्रिल १९९८ मध्ये ‘प्रायव्हसी मार्क’ सुरू केला, पुढच्या वर्षी त्यासाठी जेआयएस क्यू १५००१ हे राष्ट्रीय मानक आले, आणि कामे देताना सरकारी खाती व मोठ्या कंपन्या हे चिन्ह मागू लागल्यामुळे त्याचा प्रसार इतका झाला की आज सतरा हजारांहून अधिक व्यवसायांकडे ते आहे. मुलांच्या शिक्षणाचे साहित्य घरपोच पाठवणाऱ्या ‘बेनेसे’ या नामांकित कंपनीकडेही ते होते. २०१४ च्या जुलैत या कंपनीच्या ग्राहकांची, म्हणजे मुलांची आणि त्यांच्या पालकांची, कोट्यवधी नावे बाजारात विकली गेल्याचे उघड झाले. माहिती नेणारा कंपनीचा नोकर नव्हता. कंपनीच्या समूहातील दुसऱ्या कंपनीने ज्या कंत्राटदाराला काम दिले होते त्याच्यामार्फत आलेला तो तंत्रज्ञ होता, त्याने माहिती आपल्या मोबाइलवर उतरवली आणि जपानमध्ये नावांच्या याद्यांचा जो उघड व्यापार चालतो त्यातील दलालांना विकली. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात बेनेसेचे चिन्ह काढून घेण्यात आले. शिक्का कंपनीच्या दारावर होता आणि काम तिसऱ्याच्या माणसाच्या हातात होते. भिवंडीच्या मागवाल्याला हा मामला समजावून सांगावा लागणार नाही.

युरोपने बाजाराऐवजी कायदा पुढे आणि प्रमाणन मागे असा क्रम लावला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जगातील पहिला कायदा १९७० मध्ये जर्मनीच्या हेसे प्रांताने केला होता, आणि मे २०१८ पासून लागू असलेल्या युरोपीय नियमावलीने, म्हणजे जीडीपीआरने, प्रमाणनाला मान्यता देताना दोन अटी घातल्या: प्रमाणपत्र तीन वर्षांपेक्षा जास्त काळाचे असू नये, आणि ते असल्याने व्यवसायाची कायदेशीर जबाबदारी कणभरही कमी होऊ नये. साऱ्या युरोपसाठीचे पहिले मान्यताप्राप्त चिन्ह ऑक्टोबर २०२२ मध्ये, म्हणजे कायदा लागू झाल्यानंतर चार वर्षांहून अधिक काळाने, ठरले. सरकारी देखरेखीतील शिक्का खात्रीचा असला तरी तो घडायला किती वेळ लागतो याचे हे चांगले उदाहरण आहे.

भारतात या कुळाचा प्रवेश पुण्याच्या वाटेने झाला असे म्हणायला हरकत नाही. एप्रिल २००५ मध्ये पुण्यातील एका कॉल सेंटरच्या आजी-माजी कर्मचाऱ्यांना अटक झाली. एका अमेरिकी बँकेच्या ग्राहकांशी फोनवर बोलता बोलता त्यांचे गुप्त क्रमांक मिळवून सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातील खात्यांत वळवल्याचा त्यांच्यावर आरोप होता. परदेशी कामावर उभा असलेला सारा उद्योग या बातमीने हादरला, कारण भारतात माहिती सुरक्षित नाही असा समज पसरला तर काम दुसऱ्या देशाकडे जाण्याची भीती होती. या उद्योगाच्या ‘नॅसकॉम’ या संघटनेने २००६ मध्ये मुंबईच्या एनएसडीएल या संस्थेच्या साह्याने कर्मचाऱ्यांची ओळख आणि पूर्वेतिहास नोंदवणारी ‘नॅशनल स्किल्स रजिस्ट्री’ उभी केली, आणि २००८ मध्ये डेटा सिक्युरिटी कौन्सिल ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. या कौन्सिलने पुढे खासगीपणाची चौकट आखून दिली आणि ती तपासणारी माणसे तयार करण्याचे प्रशिक्षणही सुरू केले. या साऱ्या खटाटोपात ज्याची माहिती जपायची होती तो ग्राहक न्यूयॉर्कचा किंवा लंडनचा होता, आणि कल्याणच्या किंवा भिवंडीतील कामतघरच्या ग्राहकाचा विचार त्यात अभावानेच होता, हे नोंदवून ठेवणे योग्य होईल.

देशातील ग्राहकासाठी कायद्यात पहिली सोय झाली ती माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ४३-क ने, जे २००८ च्या दुरुस्तीने आले आणि ऑक्टोबर २००९ पासून लागू झाले. त्याखालील नियम एप्रिल २०११ मध्ये निघाले आणि त्यांतील आठव्या नियमाने आयएसओ २७००१ चे नाव घेऊन सांगितले की, हे मानक पाळणाऱ्या आणि वर्षातून एकदा स्वतंत्र लेखापरीक्षकाकडून तपासून घेणाऱ्या व्यवसायाने वाजवी सुरक्षा ठेवली असे मानले जाईल. ब्रिटनमधून आलेले एक ऐच्छिक प्रमाणपत्र अशा रीतीने भारतीय कायद्यात ढाल बनले. पण या नियमांचा खरा भर होता ‘संवेदनशील’ माहितीवर, आणि तिच्या यादीत पासवर्ड, बँक व कार्डाचा तपशील, आरोग्य, लैंगिक कल आणि बोटांचे ठसे यांसारखी शारीरिक ओळख एवढेच होते. नाव, पत्ता आणि मोबाइल क्रमांक त्यात नव्हते. म्हणजे पार्सलाच्या लेबलावर जे काही छापलेले असते ते जवळजवळ सगळेच या संरक्षणाच्या बाहेर राहिले. शिवाय ऑगस्ट २०११ मध्ये सरकारने खुलासा केला की, दुसऱ्या कंपनीशी केलेल्या करारान्वये काम करणाऱ्यांना संमती घेण्याचे आणि माहिती उघड न करण्याचे नियम लागू नाहीत. हा खुलासा परदेशी कामे करणाऱ्या कंपन्यांच्या सोयीसाठी होता. मात्र त्याची भाषा देशातल्या कंत्राटदारालाही तितकीच उपयोगी पडणारी होती.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने जुलै २०१८ मध्ये कायद्याचा मसुदा दिला. त्या मसुद्यावरून २०१९ मध्ये संसदेत आलेल्या विधेयकात प्रमाणनाच्या दृष्टीने एक धाडसी कल्पना होती: नोंदणीकृत लेखापरीक्षकाने कंपनीची तपासणी करून तिला ‘डेटा ट्रस्ट स्कोअर’, म्हणजे विश्वासाचे गुण, द्यावेत आणि ते ग्राहकाला दिसावेत. विजेच्या उपकरणांवर तारे असतात तसे हे गुण असते, तर शिक्का आहे किंवा नाही या दोनच शक्यतांच्या जागी तुलना आली असती. ऑगस्ट २०२२ मध्ये विधेयक मागे घेतले गेले, आणि ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात हे गुण उरले नाहीत. दरम्यान भारतीय मानक ब्युरोने २०२० मध्ये आयएस १७४२८ हे खासगीपणाचे स्वतःचे मानक दोन भागांत प्रसिद्ध केले होते, पहिला भाग अटींचा आणि दुसरा मार्गदर्शनाचा. थानाच्या लांबीपासून सुरू झालेली देशी शिक्क्यांची वाट अशी ग्राहकाच्या नावापर्यंत येऊन पोहोचली, पण नव्या कायद्याने त्याही मानकाचे नाव घेतलेले नाही.

या कायद्याने गोदामांपुरता मोठा बदल केला तो जबाबदारीचा. ज्या व्यवसायाने ग्राहकाची माहिती कोणत्या कामासाठी आणि कशी वापरायची हे ठरवले, त्याला कायदा ‘डेटा फिड्युशिअरी’ म्हणतो, आणि त्याच्या वतीने ती हाताळणाऱ्याला ‘डेटा प्रोसेसर’. करारात काहीही लिहिलेले असले तरी प्रोसेसरच्या हातून झालेल्या कामासाठीही उत्तर फिड्युशिअरीलाच द्यावे लागेल, आणि वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दलचा दंड अडीचशे कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. काम एकाचे आणि शिक्का दुसऱ्याचा या जुन्या दुखण्यावर कायद्याने प्रथमच असे औषध काढले.

भिवंडीत हे औषध कितपत लागू पडेल हे तेथील धंद्याच्या रचनेवर अवलंबून आहे. मुंबई महापालिकेच्या हद्दीत माल शिरताना जकात भरावी लागे. ती चुकवून माल साठवायला आणि लागेल तसा शहरात न्यायला काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली ही हद्दीबाहेरची गावे सोयीची होती, भातशेतीच्या जमिनी स्वस्त होत्या आणि नाशिक व ठाणे या दोन्ही दिशांचे रस्ते जवळ होते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराबरोबर जकात गेली. तरीही गोदामे गेली नाहीत, उलट ऑनलाइन खरेदी वाढली तशी ती पडघ्याकडे पसरत गेली. येथे जमीन एकाची, गाळा बांधणारा दुसरा, तो भाड्याने घेऊन अनेक कंपन्यांचा माल सांभाळणारा तिसरा, त्याला माणसे पुरवणारा ठेकेदार चौथा आणि गाड्या लावणारा ट्रान्सपोर्टवाला पाचवा, अशी साखळी असते, आणि ग्राहकाची माहिती या साखळीच्या शेवटच्या कडीपर्यंत जाते. प्रमाणपत्र मात्र बहुधा पहिल्या कडीच्याही वरच्या, दूर बंगळुरू किंवा गुरुग्रामच्या कार्यालयात टांगलेले असते.

२७००१ च्या प्रत्येक प्रमाणपत्रावर ‘व्याप्ती’ सांगणारी एक ओळ असते: कोणत्या जागा, कोणते विभाग आणि कोणती कामे तपासली ते त्यात लिहिलेले असते. मुख्य कार्यालयातील सॉफ्टवेअरचा विकास एवढीच व्याप्ती असेल, तर प्रमाणपत्र खरे असते, तपासणी प्रामाणिक असते आणि भिवंडीतील गोदामाबद्दल त्यातून काहीही सिद्ध होत नाही. जाहिरातीत चिन्ह छापले जाते, ती ओळ छापली जात नाही. व्याप्तीत गोदाम आले, तर मात्र तपासनिसाला बऱ्याच साध्या गोष्टी पाहाव्या लागतात. माल स्कॅन करायच्या हातयंत्राला प्रत्येकाचा स्वतंत्र लॉगिन आहे की पाळीतील सर्वांसाठी एकच पासवर्ड खांबावर लिहून ठेवला आहे; काम सोडून गेलेल्याचा लॉगिन किती दिवसांनी बंद होतो; परत आलेल्या खोक्यांवरची लेबले फाडली किंवा काळी केली जातात की पुठ्ठ्याबरोबर तशीच भंगारवाल्याकडे जातात; लेबलावर पूर्ण मोबाइल क्रमांक छापण्याची गरज आहे का, की डिलिव्हरीवाल्याला अॅपमधून क्रमांक न दिसता फोन लावता येईल. गेटवरची वही हा तर स्वतंत्र विषय आहे: येणारा प्रत्येक चालक आणि हमाल तीत नाव, गाडी क्रमांक आणि मोबाइल लिहितो, लिहिताना वरच्या वीस जणांचे क्रमांक त्याला वाचता येतात, आणि भरलेल्या वह्यांचे पुढे काय होते याचे उत्तर सुरक्षारक्षकापाशी नसते. नवा कायदा डिजिटल स्वरूपातील किंवा नंतर संगणकात उतरवलेल्या माहितीलाच लागू असल्याने शाईने लिहिलेली ही वही त्याच्या कक्षेबाहेर राहते. म्हणजे गोदामात राबणाऱ्याची माहिती ग्राहकाच्या माहितीपेक्षाही उघडी आहे, आणि कोणत्याही प्रमाणन योजनेच्या इतिहासात या माणसाचा उल्लेख माहिती फोडण्याचा संशयित म्हणूनच येतो, माहितीचा धनी म्हणून क्वचितच.

नव्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. किमान दोन कोटी नोंदणीकृत ग्राहक असलेल्या ऑनलाइन विक्रेत्याने, तीन वर्षे न फिरकलेल्या ग्राहकाची माहिती त्याला अठ्ठेचाळीस तास आधी कळवून पुसावी, माहिती फुटल्यास याच कायद्याखालील डेटा संरक्षण मंडळाला आणि ज्यांची माहिती फुटली त्या सर्वांना कळवावे, आणि प्रोसेसरबरोबरच्या करारात सुरक्षेच्या अटी घालाव्यात, असे त्यांत सांगितले आहे. दरवर्षी लेखापरीक्षा करून घेण्याचे बंधन फक्त सरकार ज्यांना ‘महत्त्वाचे’ म्हणून जाहीर करील त्या मोठ्या फिड्युशिअरींवर आहे. गोदाम चालवणाऱ्याला कोणतेही प्रमाणपत्र घेण्याची सक्ती नाही. तेव्हा भिवंडीत प्रमाणन येईल ते कायद्याच्या कलमातून येणार नाही, तर मालवाल्या कंपनीने काम देण्यापूर्वी पाठवलेल्या प्रश्नावलीतून आणि करारातील एखाद्या अटीतून येईल, आणि त्याचा खर्च साखळीतील कोणती कडी उचलणार हे भाड्याच्या दराइतकेच घासाघीस करून ठरेल. नियमांतील मुख्य बंधने अधिसूचनेपासून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू व्हायची असून तोपर्यंत नाव, पत्ता आणि मोबाइल यांना संवेदनशील न मानणारे २०११ चे नियमच गोदामांना लागू राहतात.